चौथ्या मजल्यानंतर मुका

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल, पण कानाला लावले नसेल. लिफ्टच्या बटणांखाली एक छोटे लोखंडी झाकण असते ना, त्याच्या आत मी राहतो. मी एक जुना टेलिफोन आहे. मला आकडे नाहीत की तबकडी नाही. एक रिसीव्हर आणि एक लाल बटण, एवढाच माझा संसार. रिसीव्हर उचलून बटण दाबले की लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात घंटा वाजते आणि तिथली ऑपरेटरबाई विचारते, कुठली इमारत. लोक घाबरतात तेव्हा त्यांच्या उपयोगी पडायचे, हेच माझे काम. मग मी स्वतः कशाला घाबरेन, असे तुम्हाला वाटेल. पण खरे सांगतो, या इमारतीत माझ्याइतके कुणी घाबरले नसेल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात तारा सांधायची गरम सळई होती. शेवटच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्या बाईंनी मला कानाला लावले, माझ्यात हलकीशी फुंकर मारली आणि शेजारणीला सांगितले, की हा बोलका निघाला. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षे खूश होतो.

मग खोक्यात बसून मी या सात मजली इमारतीत आलो. इथे मला तांब्याच्या दोन तारा जोडल्या. त्या तळघरातल्या पेटीतून निघतात, लिफ्टच्या उभ्या अंधाऱ्या पोकळीतून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जातात आणि तिथून एका चपट्या रबरी केबलमधून खाली लोंबकळत माझ्यापर्यंत येतात. लिफ्ट वरखाली झाली की त्या केबलचा झोळही वरखाली सरकतो, वळतो, पुन्हा सरळ होतो. दोन तारांपैकी एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. ही वीज थेट टेलिफोन ऑफिसातून येते, म्हणून इमारतीतले दिवे गेले तरी मी जागाच असतो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

सुरुवातीला माझे कौतुकही झाले. तिसऱ्या मजल्यावरचे वकील एकदा कोर्टात निघाले असताना अडकले. मी त्यांना दहा मिनिटांत माणूस आणून दिला. बाहेर पडताना त्यांनी खिशातल्या रुमालाने मला पुसले होते. पण पुढे लिफ्ट नीट चालायला लागली आणि लोक मला विसरले. रंगाऱ्याने भिंतीबरोबर माझे झाकणही फटीसकट रंगवून टाकले. कुणीतरी त्यावर च्युइंगगम चिकटवले. झाकणाच्या आतल्या बाजूला माझे तपासणीचे कार्ड होते. सहा महिन्यांनी एकदा लाइनमन यायचा, लिफ्ट तळमजल्यावर उभी करायचा, दार मिटू नये म्हणून त्यात पाय घालायचा, मला कानाला लावायचा आणि कार्डावर 'ठीक' लिहून सही करायचा. दिवसाकाठी त्याला अशा तीस ठिकाणी जायचे असायचे. माझ्या वाट्याला त्याचे एक मिनिट यायचे.

अशातच एका उन्हाळ्यात ते सुरू झाले. लिफ्ट चौथ्या मजल्यापाशी आली की माझ्या अंगात खरखर व्हायची. थोड्या दिवसांनी खरखरही थांबली आणि त्या जागी काहीच उरले नाही. चौथा मजला ओलांडला की कुणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखा मी मुका व्हायचो. लिफ्ट खाली उतरली की आवाज परत यायचा, जसे काही घडलेच नव्हते. वर मेलेला आणि खाली ठणठणीत, असा मी दिवसातून पन्नास वेळा मरत होतो आणि जगत होतो. मला ते कळत होते आणि सांगता मात्र येत नव्हते. पाचचा आकडा उजळला, की मी आत किती माणसे आहेत ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, आता नको, निदान आत्ता तरी नको.

ही गोष्ट इमारतीत आणखी एकाच व्यक्तीच्या लक्षात आली. सातव्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहत. गळ्यात टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, अशा त्या ग्राहकांचे कपडे द्यायला-घ्यायला खाली येत. त्यांना दमा होता. बंद जागेत त्यांचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून लिफ्टमध्ये शिरल्या की त्या माझे झाकण उघडून मला क्षणभर कानाला लावायच्या. आत डायल टोनची संथ गुणगुण ऐकू आली की त्यांच्या कपाळावरची आठी जायची. एकदा त्यांनी मला सातव्या मजल्यावर उचलले. मी गप्प होतो. त्यांनी रिसीव्हर हलवला, बटण दाबले, पुन्हा ऐकले. 

त्यांनी राखणदाराला सांगितले. त्याने वहीत तक्रार लिहिली आणि लाइनमनला बोलावले. लाइनमन आला, दारात पाय घालून उभा राहिला, मला कानाला लावले आणि कार्डावर सही करून गेला. आठवड्याने मावशींनी पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच. राखणदार आता त्यांना पाहून हसायला लागला होता. मजल्यावरच्या बायकाही म्हणायच्या, की मावशींना लिफ्टची धास्तीच बसली आहे, फोनचे आपले निमित्त.

तिसऱ्या खेपेला लाइनमन आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. माणसे कामावर, मुले शाळेत, इमारत सुनसान. राखणदाराने मावशींना खाली बोलावून घेतले. लाइनमन पस्तिशीचा होता, मनाने वाईट नव्हता, पण त्या दिवशी वैतागलेला होता. त्याने रिसीव्हर मावशींच्या कानाला लावला. गुणगुण स्वच्छ ऐकू येत होती.

तो म्हणाला, "मावशी, हा तुमच्या मनाचा खेळ आहे. यात काही बिघाड नाही."

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "इथे नाहीच आहे. वर गेल्यावर होतो."

एकदाचा हा विषय मिटवू या, वर जाऊनच ऐकवतो, असे म्हणून लाइनमनही मावशींसोबत आत शिरला. हत्यारांची पिशवी त्याने तळघरातच ठेवली. हातात विजेचे मोजमाप करणारा छोटा मीटर, खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक टॉर्च, एवढेच होते. राखणदार मागच्या बाजूला पाण्याचा पंप सुरू करायला निघून गेला. दार मिटले. मला ओरडून सांगावेसे वाटले, की जाऊ नका. एक, दोन, तीन. चौथ्याला माझ्या अंगातून खरखर गेली. मग पाच. मग दिवा गेला, एक धक्का बसला आणि लिफ्ट थांबली.

अंधार इतका गच्च होता, की स्वतःचा हात दिसत नव्हता.  लाइनमनने धोक्याच्या घंटेचे बटण दाबले. तिची बॅटरी केव्हाच संपलेली होती. त्याने मोबाइल काढला. त्या लोखंडी खोक्यात रेंजची एक कांडी नव्हती. त्याने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. खालून फक्त पंपाचा… नाही, वीज गेल्यावर पंपही बंद पडला असणार. खालून काहीच ऐकू येत नव्हते. मग त्याने मला उचलले.

मित्रांनो, त्याच्या कानाशी मी मुका पडलो होतो. टॉर्चच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसला. तो आधी माझ्याकडे आणि मग झाकणाच्या आतल्या कार्डाकडे पाहत राहिला. शेवटी एकाखाली एक दोन ताजे 'ठीक' होते, मावशींच्या दोन तक्रारींनंतरचे, आणि दोन्ही त्याच्याच अक्षरातले. तिसरा अजून लिहायचा होता.

मावशींनी भिंतीला पाठ टेकली आणि त्या हळूहळू खाली बसल्या. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला होता. लाइनमनने विचारले, की पंप आहे ना जवळ, दम्याचा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन मिनिटांत येते म्हणून त्या दार नुसते ओढून आल्या होत्या आणि पंप शिलाई मशीनवर राहिला होता.

 लाइनमनने टॉर्च मावशींच्या हातात दिला, माझ्या पेटीचे स्क्रू काढले आणि मला भिंतीतून अर्धा बाहेर ओढले. माझ्या दोन तारांवर त्याने मीटरच्या दोन टोकदार पिना टेकवल्या. जिथे अठ्ठेचाळीस व्होल्ट यायला हवेत तिथे शून्य आले. त्याने पुन्हा टेकवल्या. पुन्हा शून्य. तो स्वतःशीच बोलू लागला. खाली असताना वीज येत होती, म्हणजे तळघरातली पेटी चांगली आहे, पोकळीतली तारही चांगली आहे. लिफ्ट वर आल्यावर जाते, म्हणजे लोंबकळणारी केबल वळते तिथे आतल्या आत तुटली आहे. बिघाड सापडला होता. पण ती केबल लिफ्टच्या बाहेर होती आणि तो आत. तो खाली बसला आणि त्याने कपाळ भिंतीला टेकवले.

मावशींनी विचारले, "काय झालं?"

त्याने सांगितले, की फोनला बोलायला दोन तारा लागतात आणि ही जोडी तुटली आहे.

मावशींनी श्वास गोळा केला.  मग त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"मशीनचा टाका बसत नाही ना, तेव्हा दोन्ही दोरे तुटलेले नसतात. वरचा तरी असतो, नाहीतर खालचा तरी. तुझ्या दोन्ही तुटल्यात का? बघितलंस?"

इतका वेळ त्या त्याला अहो-जाहो करत होत्या. आता त्यांना तेवढाही श्वास परवडत नव्हता.

लाइनमनने मान वर केली. मीटरची एक पिन त्याने लिफ्टच्या लोखंडी चौकटीला लावली. ही चौकट जमिनीला जोडलेली असते आणि टेलिफोनच्या विजेला परत जायला जमीनही चालते, हे त्याला ठाऊक होते. त्या घाबरलेल्या घटकेला आठवले नव्हते एवढेच. दुसरी पिन त्याने माझ्या एका तारेला लावली. शून्य. मग दुसऱ्या तारेला लावली. मीटरवर अठ्ठेचाळीस उमटले.

एक तार जिवंत होती. मेलेल्या तारेची जागा त्या चौकटीने घ्यायची होती. पण चौकटीवर रंगाचे इतके थर होते, की वीज त्यातून जाणार नव्हती. लाइनमन स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू लागला, ते जमेना. मावशींनी कमरेला अडकवलेली दोरा तोडायची छोटी कात्री काढून त्याच्यासमोर धरली. तिच्या टोकाने त्याने रुपयाएवढी जागा खरवडून लोखंड उघडे केले. जवळच्या स्क्रूखाली माझी मेलेली तार अडकवावी म्हटले, तर त्याचे आटे झिजलेले, तो नुसता गोल फिरत होता. शेवटी त्याने तारेचे टोक उघड्या लोखंडावर ठेवले आणि अंगठ्याने दाबून धरले.

माझ्या अंगात जीव आला. तो माझा नेहमीचा आवाज नव्हता. आत मधमाश्यांचे मोहोळ घोंगावत होते आणि त्यामागे कुठेतरी डायल टोनची गुणगुण होती. पण ती होती. लाइनमनने मावशींना रिसीव्हर धरायला सांगितले, कारण अंगठा उचलला की लाइन जाणार होती. मोकळ्या हाताने त्याने लाल बटण दाबले.

पलीकडे घंटा वाजली. चार वेळा वाजली, पाच वेळा वाजली. मी आयुष्यात इतक्या घंटा मोजल्या नव्हत्या. मग बाईचा आवाज आला. घोंगावण्यात तिला काही कळेना. तिने दोनदा विचारले, की कोण बोलतेय. चुकीचा फोन समजून ती ठेवून देईल अशी मला भीती वाटली. लाइनमन ओणवा होऊन माझ्या तोंडाशी आला आणि त्याने इमारतीचे नाव, मजला आणि आतल्या बाईंना दमा आहे एवढेच तीन वेळा सावकाश सांगितले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, की समजले, फोन ठेवू नका.

पुढचा सगळा वेळ आम्ही तिच्या आवाजाच्या आधाराने काढला. तिने दुसऱ्या फोनवरून राखणदाराची केबिन लावली. तिथे कुणी उचलत नव्हते. लाइनमनने सांगितले, की तो पाण्याच्या पंपाच्या खोलीकडे आहे, वाजवत राहा, आणि त्याला सातव्या मजल्यावरून मावशींचा दम्याचा पंप आणायला सांगा, शिलाई मशीनवर आहे, दार नुसते ओढलेले आहे. ती वाजवत राहिली. अधूनमधून तिने मावशींना ओठ शिट्टी वाजवताना करतात तसे करून श्वास हळू सोडायला सांगितले आणि स्वतः त्यांच्यासाठी आकडे मोजले. मावशींचे ओठ निळसर दिसू लागले होते. टॉर्च मंद होत चालला होता. एकदा लाइनमनचा घामेजला अंगठा निसटला आणि आवाज गेला. त्या दोन क्षणांत मावशींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरू शकत नाही. त्याने तार पुन्हा दाबली. आवाज परत आला. तारेचे टोक त्याच्या अंगठ्यात रुतले होते, तरी त्यानंतर तो तसूभरही हलला नाही.

मधेच तो म्हणाला, "मावशी, मी वर येऊन बघायला हवं होतं."

 मावशींना श्वास हवा होता, त्या तो मोजत होत्या.

अखेर ऑपरेटरबाईने सांगितले, की राखणदाराने फोन उचलला, तो वर धावतोय. काही वेळाने डोक्यावर पावले वाजली. राखणदाराने मावशींच्या घरातून पंप आणला होता आणि किल्लीने सहाव्या मजल्याचे बाहेरचे दार उघडले होते. लाइनमनने पायाने रेटून आतले दार वीतभर सरकवले. वरच्या फटीतून उजेडाची एक रेघ आली आणि त्या रेघेतून एक हात पंप घेऊन खाली आला. मावशींनी तो तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. शिट्टीचा आवाज लगेच थांबला नाही, पण तो उतरत गेला. पंधरा मिनिटांनी कंपनीची माणसे आली, त्यांनी लिफ्ट हाताने सहाव्यापर्यंत ओढली आणि दोघांना बाहेर काढले. मावशींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली, दवाखान्यात नेले. मी भिंतीतून अर्धा लोंबकळत, उघड्या दाराकडे पाहत राहिलो.

लाइनमन त्या दिवशी पुढच्या कुठल्याच तक्रारीवर गेला नाही. अंगठ्याला चिंधी बांधून, वीज आल्यावर तो माझ्यापाशी परत आला. रिसीव्हर कानाला लावून त्याने लिफ्ट एकेक मजला वर नेली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये गुणगुण तुटली, तिथे त्याने भिंतीवर खूण केली. मग तो गच्चीवरच्या खोलीत गेला आणि केबलमधल्या वापरात नसलेल्या चांगल्या जोडीवर त्याने मला घेतले. त्यानंतर सातही मजल्यांवर थांबून त्याने मला ऐकले, आणि तसेच आणखी दोनदा. शेवटी त्याने कार्ड काढले. आपले ते दोन्ही 'ठीक' त्याने खोडले नाहीत. त्यांच्याखाली लिहिले, 'हे फक्त तळमजल्यावर तपासले होते. चूक माझी.' आणि सही केली.

तेव्हापासून तो सहा महिन्यांऐवजी दर महिन्याला येतो आणि सगळे मजले फिरतो. माझा आवाज आता कुठेही जात नाही. तरी चौथा मजला आला की मी दचकतो. दुरुस्त झाल्याने भीती जाते असे नाही, हे मला तेव्हा कळले.

मावशीही दवाखान्यातून सुखरूप आल्या. पण त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. कपड्यांचे गाठोडे घेऊन सात मजले जिन्याने चढतात आणि प्रत्येक वळणावर थांबतात. परवा लाइनमन त्यांना तळमजल्यावर भेटला. आपण सोबत येतो, सगळ्या मजल्यांवर ऐकवतो, असे तो त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. फोन आता पूर्ण बरा झाला आहे, असेही म्हणाला.

मावशींनी त्याच्या अंगठ्यावरच्या खुणेवरून हात फिरवला.

"तो झाला असेल रे बाळा," त्या म्हणाल्या, "मी अजून व्हायची आहे."

आणि त्या जिन्याकडे वळल्या. लाइनमनने त्यांच्या हातातले गाठोडे घेतले आणि तोही त्यांच्या मागून पायऱ्या चढू लागला.

मित्रांनो, माझ्यासारखी किती तरी मुकी यंत्रे तुमच्या आसपास भिंतीत बसलेली असतात. संकट येईपर्यंत त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. त्यांना कधी तपासले, एवढेच विचारू नका. कुठे उभे राहून तपासले, तेही विचारा. आणि कुणी घाबरून तुम्हाला सांगत असेल, की वर गेल्यावर काहीतरी बिघडते, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर शेवटच्या मजल्यापर्यंत जा.